उतरता येईल तेवढेच चढावे : पाउल प्रॉयस

इटलीच्या उत्तर भागात, त्रेंतो शहराच्या वायव्येस, ब्रेंता डोलोमाइट्स नावाची पर्वतरांग आहे. तिच्या एका अंगाला मोल्वेनोचे निळे सरोवर आणि दुसऱ्या अंगाला मादोन्ना दी काम्पील्यो हे पर्यटनगाव. उन्हाळ्याची सुटी घालवायला युरोपभरातून माणसे येथे येतात. कोणी सरोवराकाठी विसावतात, कोणी पायवाटा तुडवतात आणि ज्यांना खडकाची ओढ आहे ते दोराची भेंडोळी पाठीवर टाकून कांपानिले बास्सो या सुळक्याकडे वळतात. घंटाघराच्या मनोऱ्यासारखा सरळ उभा असलेला हा सुळका समुद्रसपाटीपासून २८०० मीटरहून अधिक उंच आहे. त्याच्या पूर्वेकडील कड्यावरच्या एका वाटेला आजही प्रॉयसची वाट म्हणतात. आजचे चढाईपटू ती वाट दोराने एकमेकांना बांधून घेऊन, टप्प्याटप्प्याने, प्रत्येक टप्प्यावर सुरक्षेची पक्की व्यवस्था करून चढतात. ज्याच्या नावाने ती ओळखली जाते तो तरुण मात्र २८ जुलै १९११ रोजी एकटा, दोराविना आणि एकही मेख न ठोकता हा कडा चढून गेला होता. तोवर त्या कड्यावरून कोणीही चढलेले नव्हते. सुमारे १२० मीटरची ती उभी भिंत चढायला त्याला दोन तास लागले.

पाउल प्रॉयस हे त्याचे नाव. त्या वेळी तो पंचविशीच्या उंबरठ्यावर होता आणि त्यानंतर जेमतेम सव्वादोन वर्षे जगला. गिर्यारोहणाच्या इतिहासात त्याचे स्थान केवळ या धाडसामुळे नाही. माणसाने कड्यावर कोणत्या हक्काने जावे, असा प्रश्न त्याने विचारला आणि त्याचे स्वतःपुरते उत्तर आचरणात आणून दाखवले. ते उत्तर बरोबर होते की नाही, यावर आज शंभरांहून अधिक वर्षे लोटल्यावरही एकमत नाही.

प्रॉयसचा जन्म १९ ऑगस्ट १८८६ रोजी ऑस्ट्रियातील आल्टआउसे या गावी झाला. साल्झकामरगुट या प्रदेशातले हे गाव. मिठाच्या खाणी हा तेथला पुरातन धंदा. पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा सारा परिसर व्हिएन्नातील सुखवस्तू कुटुंबांचे उन्हाळी विश्रामस्थान बनला होता. सम्राट फ्रान्त्स योझेफ दर उन्हाळ्यात जवळच्याच बाड इश्ल येथे मुक्काम करी. त्याच्या मागोमाग सरदार, लेखक, संगीतकार आणि व्यापारी या सरोवरांच्या काठी येत. प्रॉयसचे वडील मूळचे हंगेरीतील ज्यू, व्यवसायाने संगीतशिक्षक. आई आल्सास प्रांतातली. हिवाळा व्हिएन्नात आणि उन्हाळा आल्टआउसेला असा या कुटुंबाचा क्रम होता. घराभोवती सरोवर, जंगल आणि समोर ट्रिसेलवांडचा राखाडी कडा. सुटीसाठी आलेल्या पाहुण्यांना हे दृश्य डोळे निववणारे वाटे. या मुलाच्या बाबतीत तो कडा आयुष्याचा विषय ठरायचा होता.

आरंभ मात्र अगदी विपरीत होता. लहानपणीच त्याला एका आजाराने गाठले. बहुधा तो पोलिओ असावा. अंगाचा काही भाग लुळा पडला आणि कित्येक महिने चालणेफिरणेही अवघड झाले. मोकळ्या हवेतील फिरणे आणि नेटाने केलेला व्यायाम यांच्या बळावर तो त्यातून सावरला. वडिलांना निसर्गाची आवड होती. त्यांच्याबरोबर फिरताना त्याला झाडाझुडपांची गोडी लागली. वडील मात्र त्याच्या बालपणीच वारले. त्यानंतर अकरा-बारा वर्षांचा हा मुलगा गावाभोवतीच्या डोंगरांत एकटाच भटकू लागला. पुढे व्हिएन्ना आणि म्युनिक येथे त्याने वनस्पतींच्या शरीरक्रियाशास्त्राचा अभ्यास केला आणि १९१२ मध्ये म्युनिकहून डॉक्टरेट मिळवली. ज्याची पावले एकेकाळी उठत नव्हती त्या मुलाचे शरीर आता असे कमावलेले होते की तो एका हाताने स्वतःला सहज वर उचलून घेई, असे त्याचे सोबती सांगत.

स्वभावाने तो एकलकोंडा किंवा विरागी नव्हता. नीटनेटका पोशाख, बोलण्यात विनोद आणि सभा रंगवण्याची हातोटी यांमुळे त्याची व्याख्याने लोकप्रिय होती. डॉक्टरेट मिळाल्यावरही त्याने प्रयोगशाळेची वाट धरली नाही. गिर्यारोहणावर लेख लिहिणे आणि पारदर्शिका दाखवून भाषणे देणे यावर त्याचा चरितार्थ चाले. धाकट्या वयात त्याने केलेल्या चढायांची संख्या सुमारे १२०० भरते. त्यांपैकी ३०० तो एकटा चढला आणि १५० च्या आसपास वाटा त्याने प्रथमच खुल्या केल्या. हिवाळ्यात स्कीवरून शिखरे गाठण्याच्या प्रकारातही तो आघाडीवर होता.

प्रॉयसच्या भूमिकेचे वेगळेपण ध्यानात येण्यासाठी त्या काळचे प्रस्तरारोहण कसे होते, हे पाहिले पाहिजे. मोठा कडा एका दोराच्या लांबीत संपत नाही. म्हणून तो टप्प्यांत चढावा लागतो. आघाडीचा चढाईपटू दोर कमरेला बांधून वर जातो, उभे राहण्याजोगी एखादी कपार सापडली की तेथे स्वतःला पक्के करतो आणि मग खालच्या सोबत्याचा दोर ओढत त्याला वर घेतो. मग पुढचा टप्पा. आजचा दोर नायलॉनचा असतो. पडणाऱ्याचा झटका तो ताणला जाऊन पोटात घेतो. शिवाय आघाडीचा चढाईपटू वाटेत जागोजागी खडकात आधार बसवून त्यांत दोर अडकवत जातो. १९११ मध्ये दोर होता तो हेम्पचा. तो थेट छातीला किंवा कमरेला गाठ मारून बांधत आणि सोबती तो खांद्यावरून किंवा अंगाभोवती फिरवून हातांनी धरून ठेवी. मागून येणाऱ्याला त्याचा आधार होता. आघाडीवरचा पडला तर मात्र दोर तुटे किंवा तो सोबत्यालाही खेचून नेई.

नेमक्या याच सुमारास पूर्व आल्प्समध्ये दोन साधने नव्याने रूढ होत होती. टिरोलचा गाईड हान्स फीश्टल याने खडकाच्या भेगेत ठोकण्याची लोखंडी मेख, म्हणजे पिटॉन, सुधारून अधिक भरवशाची केली. म्युनिकच्या ओटो हेर्त्सोगने अग्निशामक दलात वापरली जाणारी लोखंडी कडी कड्यावर आणली; तीच पुढे कॅराबिनर म्हणून प्रसिद्ध झाली. मेख ठोकायची, तिच्यात कडी अडकवायची, कडीतून दोर न्यायचा, एवढ्या साध्या युक्तीने आघाडीच्या चढाईपटूचे प्राण वाचू शकत होते. त्याच युक्तीने आणखी एक गोष्ट शक्य झाली. ज्या गुळगुळीत भिंतीवर हाताला पकड मिळत नव्हती तेथे मेखेला लोंबकळून पुढे जाता येऊ लागले. माणसाच्या अंगात नसलेली ताकद लोखंड पुरवू लागले.

प्रॉयसचा आक्षेप होता तो येथे. १९११ च्या उन्हाळ्यात त्याने 'डॉइचे आल्पेनत्सायटुंग' या नियतकालिकात कृत्रिम साधनांविषयी एक लेख लिहिला आणि जर्मन भाषिक गिर्यारोहकांत वादळ उठले. लेख प्रसिद्ध झाला तेव्हा लेखकाच्या कृतीचे दाखले ताजे होते. २४ जुलै रोजी तो विल्डर कायझर रांगेतील टोटनकिर्खल या शिखराचा पश्चिम कडा एकट्याने, तीन तासांहून कमी वेळात चढला होता. चारच दिवसांनी कांपानिले बास्सो. त्या दिवशी त्याची बहीण मीना आणि मित्र पाउल रेली हे दोघेही त्याच सुळक्यावर आले होते आणि ही चढाई घडली तेव्हा ते वाट पाहत थांबले होते. याच रेलीने पुढे मीनाशी विवाह केला. त्याच्याच साथीने प्रॉयसने त्या मोसमात क्रोत्सोन दी ब्रेंताचा प्रचंड ईशान्य कडा आणि त्रे चीमे समूहातील सर्वांत लहान सुळक्यावरची एक अवघड भेग या दोन नव्या वाटा सर केल्या. त्या लहान सुळक्याला आता प्रॉयसचा सुळका असेही म्हणतात.

त्याने मांडलेली तत्त्वे सहा होती आणि ती सारी एकाच विचारातून निघत होती. जी चढाई करायची तिच्या तोडीचे असणे पुरेसे नाही. तिच्याहून सरस असले पाहिजे. जेवढी अडचण आपण निःशंक मनाने, स्वतःच्या बळावर उतरू शकतो तेवढीच चढताना अंगावर घ्यावी. कृत्रिम साधनांचा वापर प्रत्यक्ष संकट ओढवले तरच क्षम्य. मेख ही अडीअडचणीसाठी राखलेली शिदोरी. कामाची पद्धत तिच्यावर उभारू नये. दोराने चढाई सोपी व्हावी. केवळ दोर आहे म्हणून ती शक्य होत असेल तर ती करू नये. आणि सर्वांत शेवटी, सुरक्षितता हे सर्वश्रेष्ठ तत्त्वांपैकी एक. मात्र ती स्वतःच्या कुवतीच्या अचूक अंदाजातून आलेली असावी, साधनांनी ओढूनताणून आणलेली नसावी.

प्रॉयसला पुष्कळदा जिवावर उदार झालेला साहसवीर म्हणून रंगवले जाते. ही तत्त्वे वाचली की त्या चित्रातला खोटेपणा ध्यानात येतो. त्याचा आग्रह धोका पत्करण्याचा नव्हता. मागे फिरण्याचा होता. जेथून उतरता येणार नाही तेथे चढूच नये, हा नियम पाळणाऱ्याला असंख्य कड्यांखालून परत यावे लागते. हातोडा हाती असलेल्या माणसाला ती सक्ती नसते. मेख माणसाला त्याच्या मर्यादेपलीकडे नेते आणि तेथे नेऊन सोडते, हे त्याच्या युक्तिवादाचे मर्म होते.

विरोधकही सामान्य नव्हते. डोलोमाइट्समधील नामवंत गाईड तीता पियाझ, कुफश्टाइनचा फ्रान्त्स नीबर्ल आणि म्युनिकचा तरुण हान्स ड्युल्फर यांनी त्याला जाहीर उत्तरे दिली. नीबर्लने खडकावरील चढाईचे पाठ्यपुस्तक लिहिले होते. ड्युल्फरने दोराच्या साह्याने आडवे सरकण्याचे आणि अंगाभोवती दोर घेऊन खाली उतरण्याचे तंत्र पूर्णत्वास नेले. रॅपलिंगची ती जुनी पद्धत अजून त्याच्याच नावाने ओळखली जाते. विरोधकांचे म्हणणे थोडक्यात असे होते. खडक अनपेक्षित रीतीने तुटतो, हवामान फिरते, माणूस थकतो. कुवतीचा अंदाज कितीही अचूक असला तरी या गोष्टींचा अंदाज कोणाला बांधता येणार? कड्यावर गेलेल्याची घरी आई वाट पाहत असते. एका मेखेने तो परत येणार असेल तर ती मेख ठोकण्यात कसली अप्रतिष्ठा? शिवाय शुद्धतेचा हट्ट धरायचाच तर दोर तरी का चालावा, खिळ्यांचे बूट तरी का? रेषा कोठे ओढायची?

१९१२ च्या जानेवारीत म्युनिक येथे या विषयावर गिर्यारोहकांची सभाही झाली. प्रॉयसने आपले म्हणणे तेथे मांडले. त्याला मानणारे पुष्कळ होते. त्याच्यासारखे वागू शकणारे फारसे नव्हते. या साऱ्या वादात वैयक्तिक कटुता मात्र शिरली नाही. पियाझ आणि ड्युल्फर दोघांशीही त्याचे स्नेहाचे संबंध होते.

त्याच वर्षी एका घटनेने या वादाला भीषण पार्श्वभूमी दिली. केंब्रिजचे रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री ओवेन जोन्स हे उत्तम गिर्यारोहक होते. १ ऑगस्ट १९१२ रोजी त्यांचा विवाह म्युरिअल एडवर्ड्स यांच्याशी झाला होता. त्याही रसायनशास्त्राच्याच अभ्यासक. नवपरिणीत दांपत्य सुटीसाठी माँ ब्लांच्या इटालियन बाजूला, कुर्मायरजवळ आले होते. १५ ऑगस्ट रोजी हे दोघे आणि त्यांचा गाईड युलिउस ट्रुफर एका दोराला बांधून माँ रूज द पतेरे या शिखरावर चढत होते. प्रॉयस त्यांच्याबरोबर होता. पण नेहमीप्रमाणे दोर न बांधता, काही अंतर पुढे. गाईडच्या हातातला खडक निखळला, तो जोन्स यांच्यावर कोसळला आणि दोराने जोडलेली तिघे माणसे शेकडो मीटर खालच्या हिमनदीवर जाऊन पडली. प्रॉयसच्या डोळ्यांदेखत हे घडले. त्याच्या हाती करण्यासारखे काहीही नव्हते.

या प्रसंगातून दोन्ही पक्षांना आपापला दाखला काढता येण्यासारखा होता. दोर नसल्यामुळेच प्रॉयस वाचला, असे एकाला म्हणता येईल. वाटेत एखादी मेख ठोकून दोर तिच्यात अडकवलेला असता तर तिघेही वाचले असते, असे दुसरा म्हणेल. दोन्ही विधाने खरी आहेत. ज्या तंत्रात दोर होता पण त्याला खडकाशी जखडणारे काही नव्हते, त्या तंत्राची ही शोकांतिका होती. प्रॉयसला मात्र वादातला मुद्दा म्हणून या घटनेकडे पाहणे शक्य नव्हते. त्याने आपल्यासमोर तीन माणसे गमावली होती.

चढाई त्याने सोडली नाही. १९१३ चा मोसम संपत आला असता तो साल्झकामरगुटमधल्या गोझाउकाम या रांगेत गेला. आल्टआउसेपासून ही रांग दूर नाही. दातेरी सुळक्यांची ही ओळ त्याच्या घरच्या अंगणासारखीच होती. ३ ऑक्टोबर रोजी तो मांडलकोगेल या शिखराच्या उत्तरेकडील, तोवर कोणी न चढलेल्या धारेवर एकटा चढू लागला. त्यानंतर त्याला जिवंत कोणी पाहिले नाही. घरी परतण्याचे दिवस उलटून गेल्यावर शोध सुरू झाला. सुमारे दीड आठवड्याने कड्याच्या पायथ्याशी, ताज्या बर्फाखाली त्याचा देह सापडला. तो सुमारे ३०० मीटर उंचीवरून पडला होता. कशामुळे पडला, पकड तुटली की पाय घसरला, याचा साक्षीदार कोणीही नव्हता. वय अवघे २७ वर्षांचे. आल्टआउसेच्या दफनभूमीत त्याला पुरण्यात आले. आईच्या आणि बहिणींच्या वाट्याला पियाझने वादात बोलून दाखवलेले दुःखच आले.

या मृत्यूने त्याचे तत्त्वज्ञान खोटे ठरवले का? त्याच्या पश्चात अनेकांनी तसा निष्कर्ष काढला आणि नव्या पिढीने निःशंकपणे मेखा ठोकायला सुरुवात केली. निष्कर्ष पूर्णतः चुकीचा म्हणता येत नाही. कुवतीचा अंदाज हीच ज्याची एकमेव सुरक्षा, त्याला चुकण्याची सवलत एकदाही नसते. आणि माणूस कधी ना कधी चुकतो. पियाझचा मुद्दा माणुसकीचा होता आणि तो आजही खोडून काढता येणार नाही. आज सुटीत ब्रेंताला येणारी, दोराच्या आधाराने कडा चढून संध्याकाळी गावात परतणारी असंख्य माणसे जिवंत राहतात ती लोखंडाच्या आणि नायलॉनच्या कृपेने, प्रॉयसच्या नियमांमुळे नव्हे.

तरीही दुसरी बाजू उरतेच. पुढच्या काळात मेखांची जागा खडकाला भोक पाडून बसवण्याच्या बोल्टने घेतली आणि मग जगातला कोणताही कडा पुरेसा वेळ व पुरेसे सामान असले की चढता येऊ लागला. जे चढता येतेच ते चढण्यात काय अर्थ, असा प्रश्न तेव्हा नव्याने उभा राहिला. १९६८ मध्ये दक्षिण टिरोलच्या राइनहोल्ड मेसनर या तरुणाने बोल्टमुळे अशक्याचीच हत्या होत असल्याचा इशारा देणारा लेख लिहिला. त्यातला विचार प्रॉयसच्या विचाराशी थेट नाते सांगणारा होता. पुढे जगातील आठ हजार मीटरवरील सर्व १४ शिखरे प्राणवायूच्या नळकांड्याविना सर करणाऱ्या मेसनरने प्रॉयसवर ग्रंथ लिहून त्याचे ऋण मोकळेपणाने मान्य केले.

मधल्या काळात प्रॉयसचे नाव मागे पडण्याला एक काळे कारणही होते. तो प्रॉटेस्टंट झाला होता. पण जन्माने ज्यू होता. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन आणि ऑस्ट्रियन गिर्यारोहण संघाच्या अनेक शाखांनी ज्यूंना सदस्यत्व नाकारणारे नियम केले. १९२४ मध्ये ज्यू सदस्यांची डोनाउलांड ही शाखा संघातून काढून टाकण्यात आली. नाझी राजवटीत वीर गिर्यारोहकांचे पोवाडे गायले गेले. आल्प्समध्ये जन्मलेल्या या सर्वांत कुशल चढाईपटूला मात्र त्यांत जागा नव्हती. त्याची आठवण टिकली ती कड्यांवरच्या त्याच्या वाटांमुळे आणि त्याला ओळखणाऱ्या माणसांमुळे.

ड्युल्फर १९१५ मध्ये फ्रान्समधील आरास येथे रणांगणावर मारला गेला. पियाझला दीर्घ आयुष्य लाभले. डोलोमाइट्सच्या वायोलेत खोऱ्यात एक लहानसे विश्रामगृह आहे. उन्हाळ्यात चढाईपटू आणि पदयात्री तेथे चहापाण्याला थांबतात. ते पियाझने उभारले आणि त्याला नाव दिले ते पाउल प्रॉयसचे. मेखांसाठी ज्याच्याशी जाहीर वाद घातला त्याचेच नाव आपल्या वास्तूला द्यावेसे त्याला वाटले. पियाझने मेखा ठोकणे त्यानंतरही सोडले नाही. मात्र मेख ठोकण्यापूर्वी ती नसती तर आपण येथे असायला हवे होतो का, असे क्षणभर स्वतःला विचारायला लावणारा एक माणूस या डोंगरांत होऊन गेला, एवढे तो विसरला नाही आणि इतरांनीही विसरू नये, याची त्याने सोय करून ठेवली.